मॉडेल बंद पडण्याची चर्चा असताना नवी लक्झरी वॅगन घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी लक्झरी वॅगन (म्हणजे सेडानसारखी बुटकी, पण छत मागपर्यंत नेलेली, मोठ्या डिकीची गाडी) मनात भरलीय, चालवून पाहिलीय, पण कंपनी ही गाडी पुढे काढणार की नाही हे कुणी धड सांगत नाही. अशा वेळी ती घ्यावी, की त्याच कंपनीची एसयूव्ही घेऊन मोकळं व्हावं?

मी अशीच एक वॅगन तिच्या शेवटच्या वर्षात नवी घेतली आणि आज सात वर्षं चालवतोय. त्या अनुभवावरून सांगतो. गाडी आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर बिनधास्त घ्या. दर तीन-चार वर्षांनी बदलायची सवय असेल तर विकत घेऊ नका. फारच जीव अडकला असेल तर लीजवर घ्या, म्हणजे रिसेलची डोकेदुखी तुमची राहणार नाही.

आता जरा सविस्तर. ‘मॉडेल बंद होणार’ असं लोक म्हणतात तेव्हा ते तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात.

पहिली म्हणजे नुसतं नाव जाणं. ऑडीची ए४ अवांत (ऑडी आपल्या वॅगनला ‘अवांत’ म्हणते) २०२४ मध्ये गेली, पण तिच्या जागी ए५ अवांत आली. गाडी पुढच्या पिढीत गेली, पाटी बदलली, एवढंच. यात घाबरण्यासारखं काहीच नाही.

दुसरी, कंपनी आणि इंजिनं तीच राहतात, फक्त वॅगनचा आकार यादीतून जातो. पोर्शेने पानामेराची वॅगन, स्पोर्ट टुरिस्मो, २०१७ मध्ये आणली आणि २०२३ च्या शेवटी नवी पानामेरा आली तेव्हा गुपचूप वगळली. व्होल्वोची व्ही९० हे तर या प्रकाराचं ठळक उदाहरण. २०१६ मध्ये आली, २०२५ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या काळात ब्रिटनमध्ये गंमतच झाली. २०२३ मध्ये व्होल्वोने तिथल्या सगळ्या वॅगन विक्रीतून काढून टाकल्या आणि पुढच्या वर्षी मागणी आहे म्हणून व्ही६० आणि व्ही९० परत आणल्या. त्यामुळे ‘बंद होणार’ या बातमीवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. शोरूममधल्या सेल्समनला तर यातलं काहीही आधी कळत नाही. तो ‘सर, पुढचं मॉडेल येतंयच’ म्हणतो तेव्हा आज गाडी विकायची असते, बाकी काही नाही.

तिसरी गोष्ट खरी धोक्याची: कंपनीच बुडणं. स्वीडनच्या साब या कार कंपनीने १९ डिसेंबर २०११ रोजी दिवाळखोरी जाहीर केली. त्या दिवशी साबची वॅगन दारात असलेल्यांची झोप उडाली असणार. पण तिथेही सगळं संपलं नाही. सुट्या भागांचा धंदा वेगळ्या कंपनीत होता, तो स्वीडनच्या सरकारकडे आला आणि ‘ओरिओ’ या नावाने पुढे चालू राहिला. जुन्या, भरपूर खपलेल्या साब त्यामुळे रस्त्यावर राहिल्या. खरी पंचाईत झाली ती शेवटी शेवटी थोड्याच बनलेल्या ९-५ या मॉडेलवाल्यांची, कारण तिचे खास भाग मुळात फार बनलेच नव्हते.

हा ‘खास भाग’ शब्द लक्षात ठेवा. घोडं इथंच पेंड खातं.

आजची लक्झरी वॅगन ही एकटी गाडी नसते. ती एका मोठ्या कुटुंबातली असते. व्ही९० चंच बघा. तिचा प्लॅटफॉर्म, म्हणजे खालचा सांगाडा, २०१५ पासून विकल्या जाणाऱ्या एक्ससी९० या एसयूव्हीचा, तोच २०१७ च्या एक्ससी६० या एसयूव्हीचा आणि व्ही६० चाही. दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन तेच, आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तोच, ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनचा बराच भाग आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचं नातं जवळचं. एसयूव्ही रस्त्यावर धावत आहेत तोवर या वस्तूंची चिंता करू नका. कंपनीची रोजीरोटी त्यांच्यावरच आहे.

मग वॅगनचं स्वतःचं असं काय उरतं? छत आणि मागची बाजू. मागच्या दरवाजानंतरचा पत्रा, डिकीचा दरवाजा, त्याची काच, टेललाइट, मागचा बंपर, छताच्या रेल, छताचं अस्तर, डिकीतलं सामान झाकणारं सरकतं कव्हर, आतल्या बाजूची प्लॅस्टिकं. गाडी बंद झाली की हे भाग सर्वांत आधी दुर्मीळ होतात.

माझ्याच गाडीचं सांगतो. चौथ्या वर्षी पार्किंगमध्ये एका व्हॅनने रिव्हर्स घेताना तिचा ट्रेलर ओढायचा हुक माझ्या डिकीत घातला. पत्रा चेपला, काच फुटली, डिकीच्या दरवाजावर बसणारा डावा लाइट गेला. विम्याची मंजुरी दुसऱ्या दिवशी आली. बंपर नऊ दिवसांत आला. काच तीन आठवड्यांत. आणि तो एक लाइट? अकरा आठवडे. गाडी धडधाकट, इंजिन सुरू होतंय, चार चाकं फिरतायत, आणि ती वर्कशॉपच्या कोपऱ्यात प्लॅस्टिक लावून उभी. मी दर सोमवारी फोन करायचो. पलीकडचा माणूस माझा आवाज ऐकूनच ‘नाही आलं साहेब’ म्हणायचा.

त्याच वर्षी पुढच्या चाकाचा कंट्रोल आर्म (चाक सांगाड्याला जोडणारा दांडा) बदलावा लागला. पार्ट्सच्या काउंटरवरच्या माणसाने नंबर टाइप केला आणि म्हणाला, ‘हा तर एसयूव्हीलाही लागतो, परवा या.’ परवा गेलो, बसवून घेतला, घरी.

म्हणून माझा सल्ला असा की बुकिंगची रक्कम भरण्याआधी सेल्सच्या टेबलावरून उठा आणि पार्ट्सच्या काउंटरवर जा. तिथल्या माणसाला तीन वस्तू विचारा: मागची काच, डिकीवरचा लाइट आणि सामान झाकायचं कव्हर. त्या स्टॉकमध्ये आहेत का, नसतील तर कुठल्या गोदामातून आणि किती दिवसांत येतात. पाच मिनिटांत तुम्हाला कंपनीच्या जाहिरातीपेक्षा जास्त कळेल. तो माणूस ‘ही गाडी कुठली?’ असं विचारू लागला तर त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. बहुतेक मोठ्या कंपन्या उत्पादन थांबल्यावरही दहाएक वर्षं भाग पुरवतात, हे खरं. पण ‘पुरवतात’ आणि ‘उद्या देतात’ यात माझे अकरा आठवडे होते.

वॅगनचे आणखी दोन नाजूक सांधे आहेत. डिकीचा दरवाजा हजारो वेळा उघड-बंद होतो, तेव्हा बिजागरीपाशी रबरी नळीतून जाणाऱ्या तारा कालांतराने तुटतात. मग मागचा वायपर बंद, कॅमेरा काळा, डिकीचं लॉक लहरीपणाने वागतं, आणि लोक महागडे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बदलत बसतात. आधी ती नळी बघायला सांगा. दुसरं, मागच्या बाजूला एअर सस्पेन्शन असलेली वॅगन घेत असाल तर सामान लादल्यावरही ती सरळ राहते, याचा आनंद मोठा आहे. पण त्या हवेच्या पिशव्या कायमच्या नसतात. वाढीव वॉरंटी घ्यायचीच असेल तर या कारणासाठी घ्या, आणि कंपनीचीच घ्या. बाहेरच्या पॉलिसीतले अपवाद वाचायला बसलात तर दुपार जाते.

सॉफ्टवेअरबद्दल लोक फार घाबरतात. खरं तर तिथे मॉडेल चालू आहे की बंद, याने फारसा फरक पडत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी नेटवर्क बंद झालं तेव्हा कितीतरी गाड्यांचे ॲप आणि आपत्कालीन कॉल एका झटक्यात मुके झाले. त्यात अजूनही विकल्या जाणाऱ्या मॉडेलांच्या जुन्या गाड्याही होत्या. स्क्रीन हा गाडीचा सर्वांत लवकर म्हातारा होणारा भाग आहे. फोन जोडता येतो का, एवढं पाहा आणि पुढे चला.

आता पैशाचं. नव्या लक्झरी गाडीची सर्वांत मोठी घसरण पहिल्या तीन-चार वर्षांत होते. ती वॅगनचीही होते, एसयूव्हीचीही. बंद पडलेल्या मॉडेलला त्या घसरणीत आणखी एक धक्का बसतो, कारण सामान्य गिऱ्हाइकाला ‘बंद झालेली गाडी’ हा शब्दच नको असतो. पण आठव्या-दहाव्या वर्षी हा फरक बराच विरतो. तोवर गाडीची किंमत तिच्या अवस्थेवर ठरते, पाटीवर नाही. शिवाय ही अनिश्चितता आज तुमच्या हातातला हुकमाचा एक्का आहे. डीलरलाही ती गाडी स्टॉकमध्ये खुपत असते. पुढे रिसेलला जे जाणार आहे ते आजच सवलत म्हणून मागून घ्या. नाही म्हणाला तर उठून या, दोन आठवड्यांत त्याचाच फोन येतो.

‘पुढे ही दुर्मीळ होईल, भाव वाढेल’ असं कुणी कानात सांगितलं तर सोडून द्या. बीएमडब्ल्यूची २००७ ते २०१० मधली दहा सिलिंडरच्या व्ही१० इंजिनची एम५ टूरिंग ही वॅगन एकूण १,०२५ एवढीच बनली, कॅडिलॅकची सीटीएस-व्ही वॅगन २०११ ते २०१४ एवढीच निघाली आणि तीही मॅन्युअल गिअरमध्ये मिळायची. अशा गाड्यांमागे लोक वेडे होतात. करड्या रंगाच्या साध्या वॅगनमागे कुणी वेडं होत नाही, माझ्याही नाही.

स्टॉकमधली शेवटची गाडी घेत असाल तर तिचं वय स्वतः तपासा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ३५२३ असेल तर तो टायर २०२३ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. माझी गाडी ‘अगदी नवी’ म्हणून दाखवली गेली तेव्हा टायर चौदा महिन्यांचे निघाले. बॅटरी बदलून घेतली, वॉरंटी डिलिव्हरीच्या तारखेपासून लिहून घेतली, मग सही केली. एक फायदाही सांगतो: शेवटच्या वर्षातल्या गाडीत पहिल्या वर्षाच्या खोड्या उरलेल्या नसतात. जे मोडायचं ते आधीच्यांच्या गाड्यांत मोडून झालेलं असतं आणि कारखान्याने सुधारलेलं असतं. अगदी नव्या पिढीची पहिली गाडी घेऊन प्रयोगाचा उंदीर होण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

थांबावं का, हाही प्रश्न तुमच्या मनात असणार. कोणत्या कंपनीसाठी, यावर अवलंबून. मर्सिडीजने १९७७ मध्ये पहिली कारखान्याची वॅगन दाखवली आणि आज ज्याला ई-क्लास म्हणतात त्या रांगेत तेव्हापासून एकही पिढी वॅगनशिवाय गेलेली नाही. तिथे थांबलात तर काहीतरी मिळण्याची आशा धरता येते. पण नव्या गाडीचे कागद नीट वाचा. सध्याच्या ई-क्लास वॅगनची डिकी ६१५ लिटर आहे, प्लग-इन हायब्रिड (इंजिनाबरोबर चार्ज करायची बॅटरीही असलेली) घेतली तर बॅटरीमुळे ४६०. म्हणजे ज्या कारणासाठी वॅगन घ्यायची, तेच कमी झालं. याउलट जग्वारसारखी कंपनी, जिने २०२४ मध्ये एक्सएफ ही सेडान आणि तिच्याबरोबर तिची वॅगन, स्पोर्टब्रेकही बंद केली आणि इलेक्ट्रिककडे वळायचं ठरवलं, तिच्या पुढच्या वॅगनची वाट पाहणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं.

आणि ‘त्यापेक्षा एसयूव्ही घ्या’ म्हणणाऱ्यांना एक उत्तर. वॅगन कमी होतात ते त्या वाईट असतात म्हणून नाही. त्याच सांगाड्यावरची उंच गाडी जास्त किमतीला जाते, आणि काही ठिकाणी नियमही उंच गाडीच्या बाजूने झुकतात. अमेरिकेत सुबारूने २००५ च्या आउटबॅकची उंची थोडी वाढवली, ती कागदोपत्री ‘लाइट ट्रक’ या सैल नियमांच्या वर्गात बसावी म्हणून! तुम्हाला त्याच्याशी काय करायचंय? एखाद्या शनिवारी दोन्ही गाड्यांत तुमचं नेहमीचं सामान स्वतः चढवून बघा. सायकल, बाळाची गाडी, कुत्रा असेल तर कुत्रा. वॅगनच्या डिकीचा उंबरा मांडीपाशी येतो, एसयूव्हीचा कमरेशी. आमचा कुत्रा आता बारा वर्षांचा आहे. वॅगनमध्ये तो अजून स्वतः चढतो, बहिणीच्या एसयूव्हीत त्याला उचलावं लागतं. मग वळणांच्या रस्त्यावर दोन्ही चालवा. तिथे मी काही सांगायची गरज पडणार नाही.

फक्त एक काम डिलिव्हरीच्या महिन्यातच उरका. डिकीतल्या कव्हरचा आणि दोन्ही टेललाइटचा पार्ट नंबर काढून फोनमध्ये लिहून ठेवा. मी त्या अकरा आठवड्यांनंतर शहाणा झालो आणि गाडीचे भाग अजून मिळत होते तेव्हाच एक जादा लाइट आणि एक कव्हर घेऊन ठेवलं. कव्हर गेल्या वर्षी कामाला आलं, जुन्याची स्प्रिंग तुटली. लाइट अजून खोक्यातच आहे.