चंद्रावरचे पाणी आणि देपालपूरची विहीर: इंदूरच्या एका पालकांच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी अकरावीत गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन शिकत आहे. तिने अंतराळ संशोधनाचा ध्यास घेतला आहे आणि तिने सरळ संगणक अभियांत्रिकी करावी, असे घरच्यांचे मत आहे. आपण विचारता की, इंदूरजवळच्या देपालपूरला आपल्या सोयाबीनच्या शेतातल्या विहिरीला मार्चनंतर पाणी राहत नाही आणि हे लोक चंद्रावर पाणी शोधत बसतात, तर यात सामान्य माणसाचे काय भले आहे? शिवाय या क्षेत्रात नोकऱ्या किती, आणि मुलीला थेट तिरुवनंतपुरमच्या अंतराळ संस्थेत पाठवावे लागेल का, हेही आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाला मी जास्त जागा देतो, कारण त्याचे उत्तर पटले नाही तर पुढच्या दोन्ही उत्तरांचा उपयोग नाही.

अंतराळ संशोधनाचे फायदे सांगताना टेफ्लॉन (तव्यावरचा न चिकटणारा थर) आणि वेल्क्रो (बुटांवरची चिकटपट्टी) ही नावे हमखास घेतली जातात. ती दोन्ही चुकीची आहेत. टेफ्लॉनचा शोध १९३८ सालचा, एका अमेरिकी रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेतला आणि वेल्क्रो एका स्विस अभियंत्याचे. कोचिंगवाल्यांच्या पत्रकांत ही उदाहरणे अजूनही छापून येतात, म्हणून हे आधीच सांगितले. खरी गोष्ट अधिक रोचक आहे. अंतराळ मोहिमांनी घरातल्या वस्तू थेट शोधून काढल्याची उदाहरणे कमीच सापडतील. मात्र जी वस्तू बाजारात कोणालाही परवडत नव्हती, तिचे पहिले गिऱ्हाईक अनेकदा अंतराळ मोहिमाच झाल्या. सूर्यप्रकाशापासून वीज बनवणारा सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेत १९५४ मध्ये तयार झाला, पण त्याची वीज इतकी महाग पडे की जमिनीवर त्याला विचारणारे फारसे कोणी नव्हते. मार्च १९५८ मध्ये सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ या चिमुकल्या उपग्रहावर तो बसवला गेला. त्या उपग्रहातला बॅटरीवर चालणारा रेडिओ-प्रक्षेपक काही महिन्यांत बंद पडला आणि सौर घटांवरचा १९६४ पर्यंत संदेश पाठवत राहिला. उपग्रहाला दुसरा पर्याय नसल्यामुळे ते महाग घट पुढे वर्षानुवर्षे विकत घेतले गेले, सुधारत गेले, आणि आज तीच विद्या आपल्याकडच्या शेतांतले सौर पंप चालवते. मोबाइलमधल्या कॅमेऱ्याचेही असेच आहे. ग्रहांकडे जाणाऱ्या यानांवरचे कॅमेरे लहान आणि कमी वीज खाणारे असावेत म्हणून १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांच्या चमूने जो प्रकाशसंवेदक विकसित केला, त्याचीच पुढची पिढी आज प्रत्येक फोनमध्ये आहे.

आता आपल्या सोयाबीनकडे येतो. हिरवे निरोगी पान सूर्यप्रकाशातला तांबडा रंग शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. पिवळा मोझॅक हा रोग पडला किंवा पाण्याचा ताण बसला की हे प्रमाण बदलते, आणि उपग्रह हे प्रमाण ठराविक दिवसांनी मोजत असतो. अडचण अशी की खरिपात माळव्यावर आठवडेच्या आठवडे ढग असतात आणि साध्या कॅमेऱ्याला खालचे काहीच दिसत नाही. म्हणून रडार लागते, कारण त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि रात्रीही काम करतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडलेला ईओएस-०४ हा असाच भारतीय रडार उपग्रह आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेला निसार हा इस्रो आणि नासा यांचा संयुक्त उपग्रह दर बारा दिवसांनी तोच भूभाग पुन्हा पाहण्यासाठी बांधला आहे, आणि मातीतली ओल मोजणे हे त्याच्या कामांपैकी एक आहे. त्याच्या दोन रडारांपैकी एक अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये घडले आहे. इंदूरहून अहमदाबाद एका रात्रीच्या प्रवासावर आहे, हे आपल्या मुलीला जरूर सांगा.

हे सारे कागदावरच राहत नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गहू आणि भात यांचे उत्पादन ठरवताना २०२३ च्या खरिपापासून पीक कापणी प्रयोगांच्या (शेतातला नमुना कापून केलेल्या मोजणीच्या) जोडीला उपग्रहाधारित अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याची पद्धत आली, आणि २०२४ च्या खरिपापासून तीत सोयाबीनही आले. याचा अर्थ आपल्या गावाला विमा मिळणार की नाही, हे ठरवण्यात आकाशातल्या यंत्राचाही वाटा आहे. ही पद्धत निर्दोष आहे, असे मी म्हणणार नाही. गावागावांतून तिच्याविषयी तक्रारी ऐकू येतात, आणि नेमके म्हणूनच तिथे शेतीही समजणारी आणि उपग्रहाच्या संकेतांचे गणितही समजणारी माणसे हवी आहेत. सोयाबीनच्या घरात वाढलेल्या मुलीला हे काम परके वाटू नये.

चक्रीवादळांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली, तर २०१३ च्या फायलिनमध्ये मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. त्यात निवाऱ्यांचे आणि प्रशासनाचे श्रेय मोठे आहे, पण वादळ कुठे धडकणार हे उपग्रहांमुळे काही दिवस आधी कळले नसते तर माणसे हलवणार कोण?

तरीही आपला आक्षेप पूर्ण खोडून काढावा, असे मला वाटत नाही. चांद्रयान-१ ने चंद्रावर पाण्याचे पुरावे दिले, त्याने आपली विहीर भरत नाही आणि कधी भरणारही नाही. काही मोहिमांतून केवळ ज्ञान मिळते आणि त्याचा उपयोग कधी होईल हे कोणी सांगू शकत नाही. पण चांद्रयान-३ चा सुमारे ६१५ कोटींचा खर्च चंद्रावर सांडलेला नाही. तो इथल्या कारखान्यांना आणि इथल्या पगारांना गेला. यान चंद्रावर अलगद उतरवणारी नियंत्रणप्रणाली ज्यांनी लिहिली, ती माणसे यानाबरोबर वर गेली नाहीत, ती इथेच आहेत.

नोकऱ्यांचे म्हणाल, तर एक गैरसमज आधी दूर करतो. इस्रोत जाण्यासाठी 'अंतराळ' हा शब्द असलेली पदवी लागत नाही. शास्त्रज्ञ-अभियंता पदाच्या भरतीच्या जाहिरातींत यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक याच शाखा प्रामुख्याने असतात आणि साधारणपणे पदवीला ६५ टक्के गुणांची अट असते. जागा थोड्या आणि अर्ज प्रचंड असतात, त्यामुळे केवळ इस्रोवर भिस्त ठेवू नये. २०२० नंतर हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले. हैदराबादच्या स्कायरूटने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि चेन्नईच्या अग्निकुलने मे २०२४ मध्ये आपापली रॉकेटे उडवून दाखवली आहेत. पण या कंपन्या अजून तरुण आहेत आणि त्यांतल्या सगळ्याच टिकतील असे नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. मुलीचा कल यंत्रांकडे असेल तर तिने यांत्रिकी किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्यावे, म्हणजे अंतराळात जागा मिळाली नाही तरी मोटारी, वैद्यकीय उपकरणे, दूरसंचार हे रस्ते मोकळे राहतात. आपण सुचवलेले संगणक अभियांत्रिकीही वाया जाणार नाही, कारण उपग्रहांच्या प्रतिमांचे विश्लेषण आज बहुतांशी त्याच विद्येवर चालते. घरातला वाद दिसतो तितका मोठा नाही, असे मला वाटते.

तिरुवनंतपुरमची संस्था, म्हणजे अंतराळ विभागाने २००७ मध्ये स्थापन केलेली भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था, उत्तमच आहे. तिथला प्रवेश जेईई ॲडव्हान्स्ड या आयआयटीच्याच प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होतो आणि रिक्त जागा व गुणांची अट यांच्या अधीन राहून पदवीधरांना इस्रोत संधी मिळते. पण ती एकमेव वाट नाही. आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर सिमरोलला आयआयटी इंदूरमध्ये अंतराळ विज्ञान आणि अभियांत्रिकीचा बी.टेक. अभ्यासक्रम आहे. तिथेही जेईई ॲडव्हान्स्डच लागते, त्यामुळे तयारी एकच. ती परीक्षा साधली नाही तर इंदूरच्याच एखाद्या जुन्या, चांगल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढे गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देता येते, आणि हा मार्ग कमी प्रतीचा मानू नये.

पुढचे दीड वर्ष तिने जेईईचा अभ्यास आणि थोडे पायथन (ही संगणकाची भाषा), एवढेच करावे. कोणत्याही 'स्पेस कॅम्प'वर हजारो रुपये घालवू नयेत. दहावीच्या आणि अकरावीच्या गुणपत्रिका पाठवल्यात, तर कोणत्या शाखांची पसंती कोणत्या क्रमाने भरावी, हे मी आपल्याला अधिक नेमके कळवू शकेन.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक