लशीने खांदा धरला. भरपाई मिळेल का?

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहते. मागच्या ऑक्टोबरमध्ये औषधांच्या दुकानात एका हातावर फ्लूची आणि दुसऱ्यावर कोविडची लस घेतली. डावी सुई खांद्याच्या अगदी वर टोचली. त्याच रात्री बहिणीला मेसेज केला, ‘डावा हात उचलतच नाही गं.’ आज आठ महिने झाले, वेणी घालता येत नाही. पण टोचणाऱ्या मुलीवर खटला भरायचं जिवावर येतं.

उत्तर: ताई, त्या मुलीवर खटला भरायचाच नाहीये. फ्लूच्या लशीची भरपाई १९८६च्या कायद्याखाली केंद्राच्या निधीतून मिळते. फ्लूच्या प्रत्येक डोसवर ७५ सेंट कर असतो, तो या निधीत जातो. अर्ज वॉशिंग्टनच्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये करायचा. समोर असतं केंद्राचं आरोग्य खातं. कुणाची चूक झाली हे सिद्ध करावं लागत नाही.

लस टोचल्यामुळे खांद्याला झालेल्या अशा इजेला तिथे ‘सिर्वा’ म्हणतात. २०१७पासून ती भरपाईच्या सरकारी यादीत आहे. भरपाईसाठी अटी अशा: त्या खांद्याला आधी त्रास नसावा, दुखणं ४८ तासांत सुरू झालेलं आणि त्याच खांद्यापुरतं असावं, त्याला दुसरं कारण नसावं, आणि ते सहा महिन्यांहून जास्त टिकलेलं असावं.

मला काळजी वाटते ती तुम्ही सोबत पाठवलेल्या डॉक्टरांच्या कागदाची. तुम्ही तीन महिन्यांनी गेलात आणि त्यांनी लिहिलं, ‘काही आठवड्यांपासून खांदा दुखतो.’ लशीचा उल्लेखच नाही. आपल्या बायका डॉक्टरांपुढेसुद्धा दुखणं कमी करून सांगतात, हे मी नेहमी बघतो. सरकारी वकील हाच कागद पुढे करतील. तो बदलून मागू नका, मात्र पुढच्या भेटीत ती रात्र सविस्तर सांगा. बहिणीचा मेसेज तारखेसकट जपा. तुमच्या बाजूचा सगळ्यात जुना पुरावा तोच आहे. घरच्यांची शपथपत्रंही घेता येतील.

डाव्या हातावर नेमकी कोणती लस होती? दुकानाच्या नोंदीत ते असायला हवं. फ्लूची असेल तर पहिल्या दुखण्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. कोविडची असेल तर योजनाच वेगळी: मुदत टोचल्यापासून एकच वर्ष, म्हणजे येत्या ऑक्टोबरपर्यंत, आणि तिथे वेदनांबद्दल पैसे नाहीत की वकिलाची फी नाही.

फ्लूच्या दाव्यात वेदनांसाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळू शकतात. वकिलाची फी कोर्ट वेगळी देतं. दावा प्रामाणिक आणि साधार असेल तर हरल्यावरही देऊ शकतं. त्यामुळे भरपाईतून टक्केवारी मागणाऱ्याच्या कागदावर सही करू नका. याच आठवड्यात दुकानात जाऊन ती नोंद घ्या.