यूके स्टुडंट व्हिसा: ठेव पतसंस्थेत, थोडे पैसे चुलत्यांकडे आणि बाकी शेती. फंड कसा दाखवायचा?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: तासगाव तालुक्यात वडिलांची द्राक्षबाग, लंडनबाहेरच्या विद्यापीठात एका वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश, ठेव गावच्या पतसंस्थेत, काही रक्कम चुलते द्यायला तयार. एजंट सातबारा, जमिनीचं व्हॅल्युएशन आणि सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट मागतोय. एवढ्यावर भागेल का?

नाही भागणार. यूकेला तुमच्या घरची ऐपत मोजायची नसते. ठरलेली रक्कम तुमच्या किंवा आईवडिलांच्या खात्यावर सलग २८ दिवस होती का, एवढंच ते बघतात. सहा एकर बाग आणि कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा या हिशेबात शून्य. किसान क्रेडिट कार्डाची लिमिटही शून्यच, कारण ओव्हरड्राफ्ट धरत नाहीत. व्हॅल्युएशनचे पैसे वाचवा.

आधी आकडा काढा. कॅसमध्ये, म्हणजे विद्यापीठ देतं त्या प्रवेशाच्या अधिकृत पत्रात, लिहिलेली पहिल्या वर्षाची फी, त्यातून कॅसमध्येच नोंदलेली भरलेली रक्कम वजा, अधिक राहण्याचा खर्च. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड, लंडनमध्ये १,५२९, आणि जास्तीत जास्त ९ महिने धरतात. अर्ज करताना चालू आकडा यूके सरकारच्या साइटवर एकदा बघून घ्या. समजा फी १६,००० आणि ४,००० भरलेत. उरले १२,०००, त्यात १०,५३९ मिळवले की २२,५३९ पौंड. पौंड १२० रुपये धरला तर साधारण २७ लाख ५ हजार. दर ओआंडा या चलनदराच्या वेबसाइटचा, अर्जाच्या दिवशीचा लावतात. म्हणून काठावर राहू नका, दीड-दोन लाख वर ठेवा.

आता २८ दिवस. बरेच अर्ज इथेच नाकारले जातात. स्टेटमेंटच्या शेवटच्या तारखेपासून मागे मोजायचं, आणि मधल्या एकाही दिवशी शिल्लक आकड्याच्या खाली जाता कामा नये. ५ जुलैला पूर्ण रक्कम जमा झाली, तर १ ऑगस्टला २८ दिवस भरतात. ती शेवटची तारीख अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत हवी, म्हणजे ऑगस्टअखेर अर्ज गेला पाहिजे. वडिलांच्या रोजच्या खात्यावर हा फंड ठेवूच नका. औषधवाल्याचा चेक, ट्रॅक्टरचा हप्ता, विम्याचा ऑटो डेबिट, यातलं काहीही एका दिवसासाठी शिल्लक खाली आणतं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वेगळं बचत खातं उघडा. एफडीही चालते, पण ती केव्हाही मोडता येते असं बँकेच्या पत्रात आलं पाहिजे आणि तिच्यावर ठेवतारण कर्ज नको.

पतसंस्था सहकार खात्याखाली येते, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नाही, त्यामुळे तिची पावती पुढे करू नका. ठेव मोडून रक्कम राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत आरटीजीएसने आणा. जिल्हा बँक रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली असली तरी तिकडच्या अधिकाऱ्याला खात्याची पडताळणी करता आली पाहिजे, म्हणून मी तीही टाळेन.

चुलत्यांचं खातं चालत नाही, त्यांनी कितीही प्रेमाने पत्र दिलं तरी. त्यांनी रक्कम बँकेतून तुमच्या खात्यावर बक्षीस म्हणून द्यावी, सोबत साधं बक्षीसपत्र. सख्ख्या काकांकडून आलेल्या भेटीवर तुम्हाला आयकर नाही. रोखीने आणून भरू नका. एकदम मोठी रक्कम दिसली की विद्यापीठ कॅस देण्याआधीच विचारतं, कुठून आली? बेदाण्याच्या सौद्याची पट्टी, कारखान्याचं ऊसबिल, ठेव मोडल्याची पावती फाईलला लावून ठेवा. शेती उत्पन्न करमुक्त असल्याने रिटर्नमध्ये काही दिसत नाही, मग हेच कागद कामाला येतात.

वडिलांच्या खात्यातून दाखवणार असाल तर तुमचा जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं: नातं, पैसे तुमच्या शिक्षणासाठी वापरायला परवानगी, सही, तारीख. जन्मदाखला आजच काढून बघा. जुन्या ग्रामपंचायत नोंदीत कधी बाळाचं नावच नसतं, कधी वडिलांचं नाव ‘बाळू’ आणि बँकेत ‘बाळासाहेब’. दुरुस्तीला वेळ जातो. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

कर्ज काढलं तर २८ दिवसांची अट नाही, पण मंजुरीपत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं, मुख्य कर्जदार तुम्ही स्वतः, आणि व्हिसा मिळण्याखेरीज दुसरी अट नाही असं हवं. ‘तत्त्वतः मंजूर’ पत्र बाद. तारण म्हणून शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत, गावठाणातल्या घरालाही नाकं मुरडतात. एनए (बिगरशेती) प्लॉट असेल तर काम लवकर होतं.

व्याजावर महिनाभर ‘फंड लावून देणारे’ सांगली-कोल्हापुरात भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. बनावट कागद निघाला तर अर्ज जातोच, शिवाय दहा वर्षांची बंदी येऊ शकते.

अर्ज भरताना हेल्थ सरचार्जही, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची फी, लागतो, एका वर्षाच्या मास्टर्सला १,१६४ पौंड. तो आणि व्हिसा फी दुसऱ्या खात्यातून भरा, फंडाच्या खात्याला हात लावू नका.