पित्तनळीतला खडा दुर्बिणीतून निघाला नाही, 'डायव्हर्टिक्युलम आहे' म्हणाले. डॉक्टरांचं चुकलं का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ७२ वर्षांचे आहेत, पित्तनळीत खडा आहे, ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीत शिरायची पद्धत) करताना लहान आतड्यात डायव्हर्टिक्युलम, म्हणजे भिंतीला पडलेला खिसा, दिसलं आणि खडा तसाच ठेवून नुसता स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी बारीक नळी, टाकून घरी पाठवलं. डॉक्टर नवशिके होते का आणि आता पोट उघडावंच लागेल का, हे तुमचे दोन प्रश्न. दुसऱ्याकडे नंतर येते. पहिल्यावरून मी २०१८ पासून सख्ख्या भावाशी भांडतेय.

आमची आई तेव्हा ७४ वर्षांची. आधी नुसती खाज सुटली. रात्री उठून दाराच्या चौकटीवर तळहात घासायची. मग डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी. दादाने गावाकडून काविळीची माळ आणली. ती रोज थोडी लांबत छातीवरून पोटापर्यंत आली, म्हणजे कावीळ उतरतेय म्हणे. काड्या सुकल्या की दोऱ्याचे वेढे सैल पडणारच. तेवढ्या दिवसांत बिलिरुबिन ४ वरून ११ वर गेलं.

एमआरसीपीत, म्हणजे पित्तनळीच्या एमआरआयमध्ये, १३ मिलिमीटरचा खडा दिसला. दादा एकदम उसळला. "अगं, २००९ ला पित्ताची पिशवीच काढलीय ना? मग खडा आला कुठून? तेव्हाच्या डॉक्टरनं आत ठेवला!" ते ऑपरेशन मी ठरवलेल्या सर्जनने केलं होतं, त्यामुळे बोट माझ्याकडेच. तेव्हाचे अकरा खडे दादाने डबीत जपून ठेवलेत. पिवळट, टणक, पैलू पाडल्यासारखे.

मिरजेला पहिली ईआरसीपी झाली. पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आले, अंगात शिशाचा एप्रन तसाच. म्हणाले, "आज थांबतो." एका कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. पित्तनळी जिथे आतड्यात उघडते तिथेच भिंतीला खिसा पडलेला आणि नळीचं तोंड त्या खिशाच्या आत वळलेलं. मी म्हटलं, परकराच्या नाडीचं टोक नेफ्यात शिरतं तसं? ते हसले, म्हणाले, अगदी तसंच. त्या खिशाला आतड्यासारखा स्नायूचा थर नसतो, भिंत पातळ. तार आंधळेपणाने खुपसत राहिलं तर भोक पडायची भीती, आणि चुकून स्वादुपिंडाच्या नळीत पुन्हापुन्हा गेली तर ते सुजतं. ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येणं हा नेहमीचा धोका आहे, चांगल्या हातातूनही शंभरात पाचेक जणांना होतो. एखाद्याची सूज जिवावरही बेतते.

दादाचं एकच, "जमलं नाही म्हणून गोष्टी सांगतोय." माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे, की पाऊण तासाने हात आवरणारा डॉक्टर लाखमोलाचा. हट्टाला पेटून दीड तास टोचत बसणारा नको. आणि हा खिसा आधीच्या तपासण्यांत दिसला नाही, यातही कोणाचा हलगर्जीपणा नाही. तो मिटलेला असला की एमआरसीपीत लपून जातो.

चार दिवसांनी पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांनी केलं. एका हत्याराने खिशाची कड दाबून तोंड बाहेर वळवलं, बारीक छेद दिला आणि मग फुग्याने ते रुंद केलं. मोठा छेद अशा जागी धोक्याचा. दुर्बिणीतून छेद देण्याची ही रीत १९७४ मध्ये जर्मनीत आणि जपानमध्ये सुरू झाली, त्याआधी पोट उघडण्यावाचून गत नव्हती. खडा जाळीत धरून आतड्यात सोडून दिला. दादा तिथेही विचारतोच, "डबीत देता का?" खडा संडासावाटे जाणार, डबीत काय देणार! पण रिपोर्टवर फोटो आहे, मातकट तपकिरी. ओढतानाच भुगा होत होता म्हणाले. पिशवीतल्या त्या पिवळट अकरांशी काही नातं नाही. अशा खिशामुळे पित्त तुंबतं, जंतू वाढतात आणि नळीतच नवा, मऊ, तपकिरी खडा धरतो. तोही नऊ वर्षांनी. म्हणजे २००९ च्या सर्जनने काही ठेवलं नव्हतं. हे मी दादाला फोटोसकट दाखवलंय. तो म्हणतो, फोटो कोणाचाही असू शकतो.

आता तुमचं. पोट उघडावंच लागेल असं अजिबात नाही. तुमच्याकडे तर स्टेंट बसलाय, म्हणजे वाट सापडलीये, आईच्या वेळी पहिल्यांदा तेवढंही झालं नव्हतं. पित्त वाहतंय, घाई नाही. दुसऱ्या खेपेला बहुतेकदा खडा निघतो, फक्त डॉक्टरांना स्पष्ट विचारा की आठवड्याला किती ईआरसीपी करता. नाहीच जमलं तर यकृतातून सुईने तार खाली उतरवून वाट दाखवतात, नाहीतर लॅप्रोस्कोपीने नळी उघडून खडा काढतात. खिसा कापून टाका असा आग्रह कोणी धरू नका. तो रक्तस्राव करत नसेल, फुटला नसेल तर त्याला हात लावत नाहीत. पानफुटी, कुळथाचं कढण हे मुतखड्याचे उपाय, इथे त्यांचं काम नाही.

मी डॉक्टर नाही, बँकेत कॅशियर होते, तेव्हा बाबांचे कागद घेऊन पोटविकारतज्ज्ञाकडेच बसा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. थंडी वाजून ताप आला आणि डोळे पिवळे दिसले तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठा.

आणि प्लास्टिकचा स्टेंट असेल तर तो तीन महिन्यांच्या आत काढावा किंवा बदलावा लागतो. आईलाही खड्याचा भुगा राहिला असेल म्हणून टाकला होता, सहा आठवड्यांनी काढायचा होता. अपॉइंटमेंट दादा घेणार होता. चौथ्या महिन्यात आई थंडीने कुडकुडत माझ्याकडे आली, स्टेंट गाळाने गच्च बुजलेला. तारीख आजच कालनिर्णयवर लिहा आणि ती पाळायचं काम घरातल्या थोरल्या मुलावर सोपवू नका.