मावशी, खोटी साक्ष कशी देऊ?

*मावशी, जय ख्रिस्त. मी एका शाळेच्या वसतिगृहात १२ वर्षं हिशेबाचं काम करते. गेल्या वर्षी किराण्याच्या बिलांत फरक दिसला म्हणून मी लेखी विचारलं. दोन महिन्यांत १ लाख १२ हजारांच्या अपहाराचा ठपका माझ्यावरच आला. सात महिने निलंबित आहे. ज्यांना विचारलं ते आमच्याच मंडळीतले. पहिल्या बाकावर बसतात, शास्त्रपाठ वाचतात, आणि मी समोर गायकवर्गात उभी. देवाच्या चांगुलपणाचं गाणं सुरू झालं की घसा आवळतो. आता पाळकसाहेब म्हणतात, कापणीच्या सणाला साक्ष दे, संकटातही देवाने आनंद दिला म्हणून सांग, म्हणजे लोकांची कुजबुज थांबेल. मला आनंद झालेला नाही, मावशी. विश्वास गेलाय असंही नाही. पण हे ढोंग वाटतं. चर्चला जाणंच बंद करू का?*
*– अहिल्यानगर जिल्ह्यातली एक बहीण*

बाळ, जय ख्रिस्त.

साक्ष देऊ नकोस. पाळकसाहेबांना उद्याच सांग, सणाच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नकोस, नाहीतर कार्यक्रमपत्रिकेवर नाव छापून येईल आणि मग तुला नाही म्हणवणार नाही.

त्यांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. पाळकांना मंडळी सांभाळायची असते, आणि एका बाकावर हा नि समोर तू, हे त्यांनाही दर रविवारी दिसतच असणार. पण कुजबुज थांबवायला साक्ष नसते.

खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा आपण शेजाऱ्यापुरती धरतो. बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय काढ. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाला मित्र समजावत असतात, देव न्यायी आहे, तेव्हा तुझंच काहीतरी चुकलं असणार. त्यावर तो विचारतो, तुम्ही देवासाठी खोटं बोलणार का? त्याची बाजू घ्यायला लबाडी करणार? आता शेवटच्या अध्यायावर ये. राखेत बसून देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाविषयी देव म्हणतो की हा माझ्याविषयी नीट बोलला, आणि संताप होतो तो देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर. त्यांना सात बैल, सात मेंढे घेऊन ईयोबाकडेच पाठवलं जातं, त्याने आपल्यासाठी प्रार्थना करावी म्हणून. आमच्याकडे ईयोबावर प्रवचन झालं की पहिला अध्याय आणि शेवटचा दुप्पट आशीर्वाद, एवढंच होतं. मधले पस्तीसेक अध्याय कोण वाचतं?

तू लिहितेस, विश्वास गेलेला नाही. मला ते पटतं, कारण तुझी तक्रार तू अजून त्याच्याकडेच नेते आहेस. त्याच्या पाठीमागे बोलत नाहीस. तेरावं स्तोत्र बघ, सहाच वचनांचं आहे. ‘कोठवर’ हा प्रश्न त्यात चारदा येतो: कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी मनातच झुरू, कोठवर माझा वैरी वरचढ राहणार. भरवसा येतो तो शेवटी, आणि तोवर परिस्थितीत तसूभर फरक पडलेला नसतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर शेवटीही उजेड नाही, ते अंधारातच थांबतं. तरी कुणी ते काढून टाकलं नाही. ते देवासमोर म्हणायचंच स्तोत्र आहे. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं तेही बाविसावं, मला का सोडलंस, हे विचारणारं.

एक सावधगिरी. कुणीतरी तुला पंडिता रमाबाईंचं उदाहरण देईल. दुष्काळात आई-वडील गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नाहीत तोच नवरा गेला, तरी बाई डगमगल्या नाहीत, आणि तू एवढ्याशाने खचलीस? त्यांना माझ्याकडून सांग, १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर याच रमाबाई, ज्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच, पत्रांतून सडेतोड वाद घालत होत्या. जे पटलं नाही त्याला त्या हो म्हणाल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या रमाबाई या त्याच.

आता चर्च. जाणं बंद करू नकोस, पण गायकवर्गातून काही आठवडे सुट्टी घे. माझे यजमान आजारी होते तेव्हा मी पाच-सहा महिने शेवटच्या बाकावर बसायचे. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. शेजारी एक आजी बसायच्या. गीतपुस्तक दोघींच्या मध्ये धरून ओळीखाली बोट फिरवत त्या गायच्या, जरा बेसूरच. काय झालं म्हणून कधी विचारलं नाही. एका रविवारी दुसऱ्या कडव्याला माझा आवाज आला, तेव्हा त्यांनी नुसतं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि चष्मा पुसायला घेतला. तुझ्या मंडळीतही अशी एखादी असेल. तिच्या शेजारी बस.

तो समोर शास्त्रपाठ वाचतो तेव्हा काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, पण पत्रात सगळीकडे तेच आहे. वचन त्याच्या मालकीचं नाही, एवढं धरून ऐक. नाहीच ऐकवलं तर बाहेर पाणी प्यायला जा, देव हजेरी घेत नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट कर, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन तुला ऐकवलं जाईलच. अन्याय ज्याने केला त्याने उठून जायचं, असा त्याचा सरळ अर्थ आहे. क्षमेचा विषय पुढे येईल. आज तुझ्यावर कुणी ती लादू नये. आणि चौकशी चालू असताना त्याच्याशी एकटीने बोलायला अजिबात जाऊ नकोस. पाळकसाहेबांकडे जायचं तरी मंडळीतले दोन विश्वासू वडीलधारे बरोबर घे. मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात दोघा-तिघा साक्षीदारांचं सांगितलं आहे. असली साक्ष तुझ्या उपयोगाची.

सणाला मात्र जा. पाळकसाहेबांनी फारच धरलं तर म्हण, साक्ष नाही देत, तेरावं स्तोत्र वाचते, पुढे-मागे एक शब्दही न जोडता. मग बाहेर मांडवात ज्वारीची कणसं, अंडी आणि भोपळे लिलावाला येतील, तिथे भोपळ्यावर बोली लाव. निलंबित माणसालाही भाजी लागते.

देवावर भरवसा ठेवणं म्हणजे कागद न बघणं नव्हे. किराण्याबद्दल दिलेल्या त्या पत्राची प्रत तुझ्याकडे आहे ना? पोच आहे का? तारीख महत्त्वाची, कारण तुझी विचारणा आधीची आणि ठपका नंतरचा. नोकरीचे खटले चालवणारा वकील गाठ, ओळखीतला नातेवाईक नको. आरोपपत्राची आणि ते ज्यावर उभं आहे त्या बिलांची प्रत लेखी माग. निर्वाह भत्ता मिळतो की नाही, तू लिहिलं नाहीस. मिळत नसेल तर त्याचाही अर्ज कर. हातोहात दे, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घे, आणि ती प्रत घरी बायबलात नको, वेगळ्या फाइलीत ठेव. बायबलात ठेवलेले कागद वेळेला सापडत नाहीत.