जुन्या दोन आसनी विमानाच्या पंखावरचं कापड सैल पडलंय. हीट गनने ताणून घेता येईल का?

नाही. हीट गन ज्याच्याकडून मागून आणली असेल त्याला आधी परत द्या, मग पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की कापड पॉलिएस्टरचं आहे आणि डाव्या पंखावर वरच्या बाजूला दोन-तीन रिबांच्या (रिब म्हणजे पंखाला आकार देणारी आतली फासळी) पट्ट्यात हात ठेवला की ते लटलट हलतं, बाकी पंख ठीक. सगळा पंख सैल असता तर कापड बसवतानाच नीट तापवलं नसेल असं म्हटलं असतं. एकाच जागी सैल म्हणजे आत काहीतरी सुटलंय, हे धरून चालायचं. कापड रिबला बांधणारी शिवण, ट्रेलिंग एजची म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची चिकटपट्टी, एखादी वाकलेली रिब, काहीही. ते न बघता वरून गरम हवा मारणं म्हणजे तापाचं कारण न शोधता थर्मामीटर झटकून ठेवणं.

हा विषय निघाला की माझं डोकं फिरतं, त्याचं कारण सांगतो. मी ठाण्याचा. निवृत्तीनंतर नवी मुंबईत एका इन्स्टिट्यूटमध्ये विमान देखभालीच्या पोरांची प्रॅक्टिकल घ्यायचो. तिथे पुष्पकचा एक पंख घोडीवर ठेवलेला होता. पुष्पक म्हणजे एचएएलचं दोन आसनी विमान, १९५८ साली पहिल्यांदा उडालं, पुढे देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत पोरं त्याच्यावरच शिकली. या पंखावर नंतर कुणीतरी पॉलिएस्टर चढवलं होतं. पावसाळ्यात त्याचं कापड असंच एका पट्ट्यात सैल दिसायला लागलं. माझे एक सहकारी म्हणाले, "दमट हवा आहे हो, कापड ओलसर झालंय." मी म्हटलं, "साहेब, सुती असतं तर गोष्ट निराळी. पॉलिएस्टरला ठाण्या-वाशीच्या पावसाने काय फरक पडतोय?" त्यांना पटलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी हीट गन फिरवली. संध्याकाळपर्यंत कापड टणटणीत. पोरांसमोर माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसलेसुद्धा.

आठवडा गेला नाही तोच तो पट्टा पुन्हा सैल, आणि मध्ये वीतभर जागेत तर पहिल्यापेक्षा जास्त. तिथे पुन्हा इस्त्री फिरवून बघितली, ढिम्म फरक नाही. तापमान हाताबाहेर गेलं होतं. पॉलिएस्टर साधारण १७७ अंश सेल्सियसपर्यंत (म्हणजे ३५० फॅरनहाइट) आकसतं. त्याच्या वर नेलं की ताण सुटतो, तो परत येत नाही. आणखी वर गेलात तर वितळतंच. हीट गनच्या तोंडाशी किती तापमान आहे हे हातात धरणाऱ्याला कळायचा काही मार्ग नाही, माझा राग आहे तो एवढ्यासाठीच.

मग मी प्राचार्यांना विचारून तो पट्टा कापून उघडला. दोन रिबांवरची शिवण तुटलेली. ॲल्युमिनियमच्या रिबच्या कडेवर संरक्षक टेपच लावली नव्हती, कड धाग्याला खात बसली होती. हीट गनवाल्या आमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं, "कापताना तुमच्याच ब्लेडने धागा तुटला." अहो, ब्लेडने तुटलेल्या धाग्याचं टोक स्वच्छ असतं. ही टोकं पिंजलेली आणि मळकट होती, पोरांनी एकेक करून भिंगातून बघितली. तरी गृहस्थ अजून गडकरी रंगायतनच्या मध्यंतरात भेटले की चहा घेता घेता ब्लेडचंच सांगतात. वाचत असाल तर नमस्कार, साहेब.

जमिनीवरच्या पंखाचं ठीक आहे, पण उडताना वरचं कापड खाली दबत नाही, वर ओढलं जातं, कारण पंखाच्या वर दाब कमी असतो. ते रिबला धरून ठेवणारी शिवणच. ती गेली की कापड फुगतं आणि पंखाचा आकारच बदलतो. म्हणून तुम्ही आधी इन्स्पेक्शनचं झाकण काढून टॉर्च आणि आरसा आत घाला. मग बाहेरून प्रत्येक रिबवरची, शिवण झाकणारी दातेरी कडेची पट्टी बोटांनी हळूच वर उचलून बघा. रिबपासून सुटून वर येत असेल तर उत्तर मिळालं. ट्रेलिंग एजजवळची पाणी जायची भोकं बुजलीत का तेही त्याच फेरीत बघा, आपल्याकडे त्यांत धूळ आणि कुंभारमाशीचं घर ठरलेलं.

आत सगळं शाबूत निघालं तरच इस्त्री. घरची चालते, पण तिच्या डायलवर विश्वास नको, थर्मामीटर लावून तपासलेली हवी. १२१ अंशांपासून सुरुवात, मग टप्प्याटप्प्याने १७७. ही नव्या, कोऱ्या कापडाची गोष्ट झाली. तुमच्या कापडावर डोप (कापडावर हात देतात ते लॅकरसारखं द्रावण) आणि रंग आहे, खाली नायट्रेट डोप असेल तर ते भडकन पेट घेतं, तेव्हा कापड चढवताना कुठली पद्धत वापरली होती ते लॉगबुकात शोधल्याशिवाय प्लग लावू नका. वरून अजून एक हात डोप मारा म्हणणारेही भेटतील. ताणणारं डोप पॉलिएस्टरवर वर्षानुवर्षं आकसत राहतं आणि हलक्या रिबा वाकवतं.

हो, आणि काही अल्ट्रालाइटना, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानांना, शिवलेली डॅक्रॉनची (हेही पॉलिएस्टरच) खोळ दोरीने ओढून बसवलेली असते. तुमचं तसं असेल तर इस्त्रीचं वरचं सगळं सोडून द्या, तिथे दोऱ्या आणि उन्हाने कुजलेलं कापड बघायचं. काम कुणीही करो, लायसन्सवाल्या इंजिनियरची सही झाल्याशिवाय उडू नका. शिवण नव्याने घालून वर डोप द्यायचं ठरलं तर दिवाळीनंतर घ्या. जुलैच्या हवेत डोप वाळताना पांढरं पडतं आणि मग ते सगळं काढत बसावं लागतं.