कूपन आहे हातात, पण लावायचं कशावर?

प्रश्न : वाणसामान मी ॲपवरून मागवते. '९९९ रुपयांच्या खरेदीवर १५० रुपये सूट' असं कूपन दर महिन्याला येतं. माझी यादी ८२० रुपयांच्या आसपास होते, मग कूपन लागावं म्हणून वर काहीबाही घेते. यात फायदा होतो की तोटा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचेच आकडे मांडून बघू. ८२० च्या यादीत १८५ रुपयांची भर घातली की बिल १,००५. त्यातून १५० गेले, भरायचे ८५५. म्हणजे १८५ रुपयांचा माल तुम्हाला ३५ रुपयांत पडला. तो पुढच्या महिन्यात घ्यावाच लागणार असेल तर याहून चांगला सौदा नाही. पण ती भर चिप्सच्या पुड्यांची असेल, तर ३५ रुपये उगाच गेले.

म्हणून भरतीच्या वस्तूंची वेगळी यादी आधीच करून फ्रीजवर चिकटवा. मीठ, जिरं, मोहरी, कपड्यांची पावडर, भांड्याची वडी, टूथपेस्ट, काडेपेट्या असं न बिघडणारं त्यात हवं. रवा नको, पावसाळ्यात त्याला जाळी धरते. शेंगदाणेही नकोत, दोन महिन्यांत खवट होतात.

आता घोळ कुठे होतो ते. ९९९ चा आकडा छापील किमतीवर नाही, ॲपवरच्या विक्रीच्या किमतीवर मोजतात, आणि डिलिव्हरीचे पैसे त्यात धरत नाहीत. तेल, साखर, दूध कित्येक कुपनांतून वगळलेलं असतं, ते नियमांच्या बारीक अक्षरांत सापडतं. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीवर तर कूपन शोधूच नका. तिची विक्री वाढवण्यासाठी आमिष दाखवायला १९९२ च्या कायद्यानेच मनाई आहे.

दुसरं, १,००५ हा आकडा फार काठावरचा आहे. एखादी वस्तू संपली म्हणून दुकानाने वगळली, की बेरीज ९९९ च्या खाली येते आणि कूपन गळून पडू शकतं. चाळीस-पन्नास रुपयांची मोकळीक ठेवा. आणि एखादी वस्तू परत केलीत, तर सूट त्या प्रमाणात वजा होऊन पैसे येतात. तुमच्या बिलात २०० ची वस्तू परत गेली तर साधारण १७० मिळतील. ती फसवणूक नव्हे.

फसवणूक निराळी. तुम्ही न निवडलेली देणगी किंवा एखादी वस्तू आपोआप कार्टमध्ये येणं, नाहीतर आधी न दाखवलेलं शुल्क शेवटच्या पानावर उगवणं, हे २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालत नाही. स्क्रीनचा फोटो काढा आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करा.

प्रश्न : सुपरमार्केटमध्ये दुकानाचं १०० रुपयांचं कूपन लावलं, तर बँकेच्या कार्डावरची १० टक्के सूट मिळाली नाही. काउंटरवर म्हणाले, 'बिल कमी पडलं.' बिल तर १,५४० रुपयांचं होतं!
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बँकेची किमान रक्कम बहुधा १,५०० असणार. ती सामानाच्या बेरजेवर नाही, कार्ड घासताना प्रत्यक्ष जी रक्कम जाते तिच्यावर बघतात. क्रम सहसा असा असतो : आधी वस्तूवरची सूट, मग कूपन, मग जमलेले पॉइंट, आणि सगळ्यात शेवटी बँक. तुमचं कूपन लागलं, १,५४० चे १,४४० झाले आणि बँकेचं दार बंद झालं.

त्याच वेळी ६० रुपयांचा एक साबण टोपलीत टाकला असता, तर १,६०० मधून १०० जाऊन बरोबर १,५०० राहिले असते. त्यावर १५० सूट, म्हणजे १,३५० भरून साबणासकट घरी. नव्वद रुपये कमी आणि वर साबण! अशा वेळी रांगेत उभं राहण्याआधी फोनवर बेरीज करायची. कूपन आणि कार्ड दोन्ही आहेत, हे पहिली वस्तू स्कॅन होण्याआधीच सांगा. बिल निघाल्यावर कूपन लावायचं तर अख्खं बिल रद्द करावं लागतं, आणि मागची रांग ओरडायला लागते.

प्रश्न : मोठा पुडा घ्यावा की कूपन असलेला लहान? 'एकावर एक', '२० टक्के जास्त' यांत खरं स्वस्त काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पुड्यावर छापील किमतीशेजारी एकक-दर, म्हणजे एका ग्रॅमचा किंवा किलोचा भाव असतो, तो बघायची सवय लावा. एकच मेख आहे. किलोच्या आतल्या पुड्यावर तो ग्रॅमला छापतात, किलोच्या वरच्यावर किलोला. कपड्यांच्या पावडरीचा ५०० ग्रॅमचा पुडा ७० रुपयांना असेल, तर त्यावर ०.१४ रुपये दिसेल. ४ किलोची पिशवी ५२० ला असेल, तर १३० रुपये दिसेल. ०.१४ ला हजाराने गुणलं की किलोला १४०. म्हणजे पिशवी स्वस्त. पण लहान पुड्यावर १० रुपयांचं कूपन असेल, तर तो ६० ला, म्हणजे किलोला १२०, आणि मग पिशवी महाग ठरते. छापलेला दर एमआरपीवरचा असतो, कूपन वजा करून आपला आपण काढायचा.

'एकावर एक' म्हणजे ५० टक्के सूट, 'दोनावर एक' म्हणजे ३३. '२० टक्के जास्त' ऐकायला भारी वाटतं, पण ती सूट १६.६७ टक्केच. '५० अधिक २०' ही ७० नव्हे, ६० टक्के : शंभराचे आधी पन्नास, मग पन्नासाचे चाळीस. 'एकावर एक' घेताना दोन्ही पुड्यांची मुदत वाचा; दुसऱ्याची पुष्कळदा संपत आलेली असते.

प्रश्न : दिवाळीला ऑफिसातून मिळालेलं २,००० चं गिफ्ट कार्ड कपाटात राहिलं, मुदत गेली. पैसे बुडाले का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कार्ड कोणी दिलंय ते बघा. बँकेचं किंवा वॉलेट कंपनीचं, अनेक दुकानांत चालणारं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे मुदत किमान एक वर्ष असते आणि ती वाढवून मागता येते. कार्ड क्रमांकासह ईमेलने लेखी मागा. एकाच दुकानाचं, फक्त तिथेच चालणारं कार्ड या नियमांखाली येत नाही. तिथे दुकानाच्या अटी. मॅनेजरला विचारायला हरकत नाही, पण तो 'नाही' म्हणू शकतो.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर 'स्क्रॅच करा, ५,००० चं कूपन मिळवा' असं आलंय. शेवटी यूपीआय पिन मागतात.
– एक वाचक, लातूर

उत्तर : पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. पिन घातला असेल तर आत्ता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, बाकीचं मासिक नंतर वाचा.

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला आलो आहोत. रविवारच्या पेपरातली कुपनं कापून ठेवतो. एका वस्तूवर दोन लावता येतात का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : कुपनाच्या वरच्या कडेला 'मॅन्युफॅक्चरर कूपन' छापलंय का बघा. ते माल बनवणाऱ्या कंपनीचं. एका वस्तूवर कंपनीचं एकच चालतं, पण त्याच्या जोडीला दुकानाचं स्वतःचं एक बऱ्याच ठिकाणी घेतात. सेलमध्ये २.९९ डॉलरला आलेलं नाश्त्याचं सिरियल, कंपनीचा १ डॉलर आणि दुकानाचे ५० सेंट वजा करून १.४९ ला पडतं. कागदी आणि ॲपमधलं, दोन्ही कंपनीचीच असतील तर ती जोडी चालत नाही. ॲपमधलं कूपन काउंटरवर जाण्याआधी 'क्लिप' करून ठेवावं लागतं, नुसतं दिसून उपयोग नाही.

औंसांतलं माप आणि तारीख नीट वाचा. कंपनीच्या कुपनाचे पैसे दुकान पुढे कंपनीकडून वसूल करतं, चुकीच्या मापावर किंवा मुदतीनंतर घेतलं तर ते त्याच्याच अंगावर येतं. म्हणून कॅशियर अडून बसतो. सेलचा माल संपला असेल तर 'रेन चेक' मागा. त्या चिठ्ठीवर पुढे सेलच्याच भावात वस्तू मिळते, पण तोवर कुपनाची मुदत संपली तर ती वाढत नाही.

तिथे घरच्या खाण्याच्या बहुतेक जिनसांवर विक्रीकर नाही, साबण-शांपूवर मात्र ६.६२५ टक्के आहे. कंपनीचं कूपन लावलं तरी कर मूळ किमतीवर बसतो. दुकानाचं लावलं तर कमी झालेल्या किमतीवर. पावती आणि मनातला हिशेब यांत पाच-दहा सेंटांचा फरक दिसला, तर तो यातला असतो.